गोव्यातील गर्दी चुकविण्याविषयी

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आमच्या हिंदमातेच्या चौकात कापडखरेदीसाठी जी दाटी होते, तिला कंटाळूनच पुष्कळ लोक नाताळात गोव्यास जाण्याचा बेत करतात. परंतु कळंगुटच्या वाळूवर उतरावे तो तीच दाटी, केवळ पोषाख बदलून, स्वागतास उभी असते. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. वर्षभर शिल्लक टाकलेला पैसा घेऊन आम्ही सहकुटुंब गेलो आणि पहिले दोन दिवस मोटारींच्या रांगेत व खाणावळींच्या दाराशी घालविले. मातोश्रींस पंच्याहत्तरावे वर्ष लागलेले. "ह्यापेक्षा आपली चाळीतली गॅलरी बरी होती रे," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

ही दाटी समजून घेतली पाहिजे, कारण समजल्यावाचून ती चुकविता येत नाही. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून पणजीस आगबोट जात असे, आणि बोटीत मावतील तितकेच प्रवासी गोव्यास पोहोचत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरूनही विमाने ये-जा करू लागली. वाटा वाढल्या, परंतु सुट्या सर्वांच्या एकाच वेळी पडतात व सर्वांना ठाऊक असलेली नावे चारच. गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर आहे. ही झुंबड मात्र मुख्यतः कांदोळी ते बागा ह्या पट्टीत आणि डिसेंबरच्या अखेरच्या दहा-बारा दिवसांत कोंडलेली असते.

तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्राकडे पाठ फिरविली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरलो. बोटीत कोळणीच्या टोपल्या, दोन सायकली व आम्ही. बेटाच्या सखल भागात खाजणाची शेते पसरलेली आहेत. खाजण म्हणजे खाडीपासून बांध घालून मिळविलेली जमीन. बांधात एक लाकडी दार असते, त्यास मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या रेट्याने ते मिटते, आणि ओहोटी लागली की शेतातील पाणी त्यास ढकलून बाहेर पडते. कोणा यंत्रावाचून चाललेली ही व्यवस्था माझ्या मुलाने अर्धा तास निरखून पाहिली. शाळेत भरतीओहोटीचा पाठ घेताना त्याने इतका वेळ कधी दिला नव्हता! टेकडीवरील पिएदाद येथील चर्चच्या आवारातून पलीकडच्या तीरावरील जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ ह्याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यास गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला. बेटावरून दुसऱ्या फेरीने तेथेही जाता येते.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची. शाळेचे बंधन नसेल त्याने जानेवारीच्या मध्यानंतर जावे. पावसाळ्यात राहण्याचा खर्च उतरतो व शेते हिरवीगार असतात. मात्र जून ते सप्टेंबर समुद्रात पाऊल घालू नये, आणि त्या दिवसांत कोकण रेल्वेच्या गाड्या मंदगतीने धावतात हे लक्षात ठेवावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगगाडीचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. जुन्या गोव्याची बासिलिका पाहावयाची ती सकाळीच. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या सणास भाविकांची रीघ लागते, तो दिवस केवळ पाहुण्यांनी त्यांच्यासाठी सोडावा.

ही नावे छापावी की न छापावी, ह्याविषयी मन थोडे अडखळले. उद्या सारेच दिवाडीस लोटले, तर तेथील लोकांनी मला काय म्हणावे? म्हणून इतकेच सुचवितो की, लहान गावी लहान संख्येने जावे, आणि कोणाच्या ओसरीचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये.

शेवटची फेरी केव्हा सुटते हे धक्क्यावर उतरताच विचारून ठेवावे. आम्ही ते विसरलो व परतताना अखेरचा अर्धा मैल धापा टाकीत गाठला. मातोश्री मात्र गावातील एका बाईंच्या रिक्षातून केव्हाच पोहोचल्या होत्या, आणि बाकावर बसून मासे गरविणाऱ्या एका मुलाशी गप्पा मारीत होत्या.