मेंढरांची दरी

उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथनं शोधली, असं अजूनही सर्रास छापलं जातं. शोधली कसली? भ्युंडार खोऱ्यातले लोक पिढ्यान् पिढ्या पावसाळ्यात तिथं शेळ्यामेंढ्या चारत होते. जून १९३१ मध्ये स्माइथ, शिप्टन, होल्ड्सवर्थ ही मंडळी ७,७५६ मीटरचं कामेट शिखर चढून आली आणि परतताना, खराब हवेत, भ्युंडारची खिंड ओलांडून या दरीत उतरली. १९३७ मध्ये स्माइथ फुलांसाठी पुन्हा आला, १९३८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि दरीला इंग्रजी नाव कायमचं चिकटलं.

त्या पुस्तकानं मला कॉलेजात असताना पछाडलं. पण पुढे वाचत गेलो तसा स्माइथ मागे पडला आणि मेंढरं पुढे आली.

वाट सगळ्यांना ठाऊक आहे. गोविंदघाट, घांगरिया, तिथून हेमकुंडाची गर्दी एका फाट्यानं जाते आणि आपण दुसऱ्या. मुक्कामाला परवानगी नाही, सकाळी शिरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर. खेचरं आत सोडत नाहीत. ज्यांचे गुडघे बोलतात ते पिठ्ठूच्या, म्हणजे हमालाच्या, पाठीवरच्या कंडीत बसून जातात. पुष्पावती नदी ओलांडली की चढ, मग भोजपत्रांची वाकलेली खोडं, आणि साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडीच संपते. त्याच्या वर बर्फ इतका उशिरा वितळतो की झाडाला लाकूड धरायला वेळच उरत नाही. उरतात त्या मऊ देठाच्या लहान वनस्पती, आणि त्यांनाही उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं तीन-चार महिन्यांत उरकायचं असतं. म्हणून तर जुलै-ऑगस्टात एवढी झुंबड.

यातली निळी अफू (ब्लू पॉपी) मात्र जवळ बसून बघावी. पाकळी रेशमासारखी तलम, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. पण देठ आणि पानं काट्यांनी भरलेली. जनावरानं तोंड लावू नये अशीच तिची बांधणी आहे. चराईशी तिची ओळख जुनी असावी, असं मला तरी वाटतं.

या चराईतच दरीवरच्या भांडणाचं मूळ आहे. १९८२ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान झाली, पुढच्या वर्षी चराई बंद. गावकऱ्यांचा हक्क गेला. फुलं वाचणार म्हणून बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काही वर्षांतच एका वनस्पतीनं उतारच्या उतार व्यापले: पॉलीगोनम, स्थानिक भाषेत अमेला. लालसर दांडा, पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे, माणसाच्या छातीपर्यंत उंच. तिच्या सावलीत ठेंगण्या फुलांना ऊन मिळेना. गंमत म्हणजे ती उपरी नाही, हिमालयाचीच लेक आहे. उलट हौशी बागायतदारांनी ती इंग्लंडात नेली आणि आज तिथंही लोक ती उपटत बसतात.

एक पक्ष म्हणाला, मेंढरं होती तेव्हा कोवळे कोंब खाऊन, तुडवून अमेला आटोक्यात राहायची. बंदीनं ती मोकाट झाली. दुसरा पक्ष म्हणाला, ती माजली आहे ती जनावरांच्या जुन्या तळांवर आणि धसलेल्या उतारांवर. म्हणजे चराईनंच केलेल्या जखमांवर ती उगवली आहे, आणि माती धरूनही ठेवते आहे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वनखातं दरम्यान दरवर्षी मजूर लावून ती उपटतं. जे काम मेंढरं फुकटात करायची त्याचं आता टेंडर निघतं, असं कुणी चिडून म्हणालं तर मी त्याला दोष देणार नाही.

या सगळ्यात एक बाई राहून जाते. स्माइथचं पुस्तक येऊन वर्ष होतं न होतं तोच जोन मार्गारेट लेग फुलं गोळा करायला इथं आल्या. डार्टमथच्या अर्लची मुलगी, वय ५४. ४ जुलै १९३९ रोजी खडकाळ उतारावर पाय घसरून त्या गेल्या. त्यांना तिथंच पुरलं. पुढे बहिणीनं येऊन दगड बसवला. नाव, तारखा आणि बायबलातली एक ओळ, एवढंच त्यावर आहे. स्माइथला दरीच्या नावाचं श्रेय मिळालं, लेगबाईंना पर्यटनपत्रकात अर्धं वाक्य. आणि वर्षानुवर्षं जनावरं घेऊन चढणाऱ्यांना तेवढंही नाही.

चराईबंदीचा हा वाद साताऱ्याच्या माणसाला नवीन वाटणार नाही. कासच्या पठाराला जाळी घातली, गुरं बाहेर ठेवली, मग गवत माजून फुलं दबतात अशी ओरड झाली आणि अखेर जाळी काढली. २००५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या ८७.५ चौरस किलोमीटरच्या दरीत अशी माघार घ्यायला मोठं धाडस लागेल, हे कबूल. पण अख्खी दरी कोण मागतंय? एक उतार आखून द्या, भ्युंडारच्या लोकांना तिथं ठरावीक मेंढरं दहा वर्षं चारू द्या, शेजारचा उतार बंद ठेवा, आणि दोन्हीकडची फुलं मोजा. तोवर चराईबंदीनं फुलं वाचली, असं फलकावर लिहू नका.