न दिसलेल्यांची मोजदाद : रायपूर परिसरातील परोपजीवी गांधीलमाश्यांची पाहणी आणि साहित्याभ्यास

१

साहित्याच्या अभ्यासकाने कीटकांच्या पाहणीविषयी लिहावे, याचे प्रयोजन आरंभीच सांगणे इष्ट ठरेल. भारतीय भक्तिसाहित्यात ज्या मोजक्या कीटकांना तत्त्वदृष्टान्ताची प्रतिष्ठा लाभली, त्यांत गांधीलमाशीचे स्थान वरचे आहे. भागवताच्या एकादश स्कंधातील नवव्या अध्यायात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगत 'पेशस्कृत्'पाशी येतो. पेशस्कृत् म्हणजे मातीचे घर बांधणारी गांधीलमाशी, आपल्याकडची कुंभारीण. ती अळीला पकडून घरात कोंडते. अळी भयाने अखंड तिचेच ध्यान करते आणि अखेर तद्रूप होऊन बाहेर पडते. हाच भृंगकीटन्याय. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण केलेल्या एकादश स्कंधावरील टीकेतून तो मराठीत विस्ताराने आला. रायपूरच्या परिसरात तो आणखी एका वाटेने पोचला. कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचे पीठ रायपूर-बिलासपूर मार्गावरील दामाखेडा येथे आहे आणि त्या परंपरेच्या 'अनुरागसागर' या ग्रंथात भृंगी हे गुरूचे रूपक आहे.

या न्यायामागचे निरीक्षण खोटे नाही, ते अपुरे आहे. अळी आत गेली हे खरे, आणि काही दिवसांनी त्याच घरातून गांधीलमाशी बाहेर आली हेही खरे. मधला दुवा मात्र कुणाला दिसला नाही. कुंभारीण घरात अंडे घालते, दंशाने लुळ्या केलेल्या अळ्या तेथे साठवते आणि घराचे तोंड लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळ्यांवर पोसते आणि तेच पुढे पंख घेऊन बाहेर पडते. न दिसलेल्या अंड्याची जागा परंपरेने ध्यानाने भरून काढली. दृष्टान्ताची सारी शक्ती या रिकाम्या जागेत आहे. जे दिसले नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न कीटकशास्त्रीय पाहणीलाही पडतो. तिचे उत्तर मात्र वेगळे आहे. ते उत्तर समजावून देणे आणि साहित्येतिहासाला ते कितपत उपयोगी आहे हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. कुंभारीण ही शिकारी गांधीलमाशी आहे. ती भक्ष्य आपल्या घरी आणते. परोपजीवी गांधीलमाशी घर बांधत नाही. ती दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोशात, अथवा त्यांच्या अंगावर आपले अंडे घालते आणि निघून जाते. यजमान असेल तेथेच राहतो. कित्येकदा तो काही काळ खातो, वाढतो, वरून निरोगी दिसतो. आतले पिल्लू वाढ पुरी झाली की यजमानाचा अंत करते. ऊ किंवा जंत यजमानाला सहसा जिवंत ठेवून जगतात, शिकारी त्याला तत्काळ मारतो. या दोहोंमधील ही जीवनरीत आहे. तिच्यासाठी ओ. एम. रॉयटर यांनी १९१३ मध्ये स्वतंत्र पाश्चात्त्य संज्ञा घडवली. मराठीत आपण ऊ आणि ही गांधीलमाशी या दोहोंनाही 'परोपजीवी' म्हणतो, आणि कृषिविस्ताराच्या पुस्तिकांत हिला 'मित्रकीटक' म्हटले जाते. निसर्गाच्या कल्याणकारी रचनेविषयी डार्विनला वाटणारी शंका त्याने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली, तीही याच कुळांतील एकाचे उदाहरण देऊन.

यांची संख्या थक्क करणारी आहे. मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्या गणात आजवर वर्णिलेल्या जाती सुमारे दीड लाख आहेत. परंतु बहुतेक कीटकांवर एखादी तरी परोपजीवी गांधीलमाशी असते, हे ध्यानात घेता हा गण भुंगेऱ्यांनाही मागे टाकील, असा युक्तिवाद अँड्र्यू फोर्ब्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केला. ट्रायकोग्रामा तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे या छपाईतल्या अनुस्वाराएवढी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लोकसंख्येची गणना करावयाची आहे.

३

रायपूरचा प्रदेश अशा गणनेस अनुकूल आहे. महानदीच्या खोऱ्यातील हे मैदान धानाचे. येथील मराठी कुटुंबेही पूर्व विदर्भातल्याप्रमाणे 'भात' न म्हणता 'धान'च म्हणतात. शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा व कन्हार असे भेद करतो: उंचवट्यावरील मुरमाड भाठ्यापासून सखल, काळ्या, ओल धरणाऱ्या कन्हारापर्यंत. बांधांवर बाभळी आहेत. धान उभे असतानाच ओल्या शेतात लाखोळी फेकून पेरण्याची 'उतेरा' पद्धत आहे. पाहणी करणाऱ्याने आपली स्थळे याच भेदांवर बसवावी लागतात: चारही जमिनी, बांध आणि शेताचा मध्य, धान आणि त्यामागून येणारी लाखोळी, आणि तुलनेसाठी बारनवापारासारख्या अभयारण्याची कड.

साधने साधी आहेत. पिवळ्या पसरट थाळ्यांत पाणी आणि साबणाचे थोडे थेंब; पिवळ्या रंगाकडे ओढलेली माशी पाण्यावर उतरते आणि पृष्ठताण मोडलेला असल्याने बुडते. हातजाळी ठराविक पावले चालत, ठराविक वेळा धानावरून फिरवायची. तिसरा मालेझ यांचा तंबूसापळा: आपल्या तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडे धावतात, हे पाहून रेने मालेझ यांनी त्याची रचना केली व ती १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. या तीन साधनांनी मिळालेले नमुने मद्यार्कात जातात, प्रत्येकासोबत चिठ्ठी: स्थळ, दिनांक, साधन, पीक, संग्राहक. चिठ्ठी हरवलेला नमुना पाहणीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पुष्पिका फाटलेल्या हस्तलिखिताची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

तथापि सापळा केवळ अस्तित्व सांगतो. नाते सांगत नाही. ही माशी कोणाच्या आत वाढली, हे जाणण्याचा मार्ग एकच. यजमान जिवंत आणायचा, काचनळीत ठेवून तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि वाट पाहायची. धानावरील खोडकिड्याचा पतंग पानावर अंड्यांचा पुंजका घालतो व त्यावर आपल्या अंगावरील पिवळट केसांचे आच्छादन देतो. अशा एकाच पुंजक्यातून तीन निरनिराळ्या कुळांतील गांधीलमाश्या निघू शकतात. ट्रायकोग्रामाचे पिल्लू एका अंड्यात पुरते. टेट्रास्टिकसच्या पिल्लाला एकाहून अधिक अंडी लागतात. टेलेनोमसची मादी तर पतंगाच्या अंगावर बसून प्रवास करते आणि अंडी घातली जात असतानाच, केसांचे आच्छादन पडण्यापूर्वी, आपले काम उरकते. सापळ्यातील यादीत या तीन ओळी असतात. काचनळीत त्या एकाच संहितेच्या तीन वाचकांसारख्या समोर येतात.

४

वितरणाचा नकाशा वाचताना अधिक सावधगिरी लागते. छत्तीसगढमध्ये 'गंगई' आणि मराठी कृषिलेखनात 'गादमाशी' म्हणून ओळखली जाणारी कीड हे याचे बोलके उदाहरण. तिची अळी धानाच्या वाढत्या कोंबात राहते. पान न फुटता कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी बाहेर येते आणि त्या फुटव्याला ओंबी धरत नाही. या गंगईवर प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची गांधीलमाशी जगते. तिच्या एका अंड्याचे विभाजन होऊन अनेक गर्भ तयार होतात आणि गंगईच्या एका अळीतून माश्यांचा लहानसा समूह बाहेर पडतो. परंतु यजमान वाढल्यावरच ही वाढते. हंगामाच्या आरंभी चिरलेल्या नळ्यांत ती क्वचित मिळेल. हंगाम सरताना नळ्यांमागून नळ्या तिनेच व्यापलेल्या दिसतील, आणि तोवर पिकाची हानी होऊन गेलेली असेल. श्रावणात गेलेला संशोधक 'विरळ' लिहील, आश्विनात गेलेला 'विपुल'. दोघेही प्रामाणिक असतील. नकाशावर उमटलेला फरक प्रदेशाचा नसून पंचांगाचा असेल.

म्हणून नकाशावरील कोऱ्या जागेचे निदान तीन प्रश्नांनी करावे लागते. तेथे कुणी गेले होते काय? गेले असल्यास योग्य वेळी व योग्य साधनाने गेले होते काय? आणि यजमान तेथे होता काय? गंगईला प्रतिकारक वाण लावलेल्या शेतात नळ्याच नसतील, तर प्लॅटिगॅस्टरचे न सापडणे हा तिच्या नाशाचा पुरावा नव्हे. साहित्याच्या नकाशांत आपण हे भेद फारसे पाळत नाही. 'या प्रांतात या काळात अमुक प्रकारचे लेखन आढळत नाही' असे एक वाक्य लिहून आपण तिन्ही प्रश्न ओलांडून जातो.

५

आता मूळ मुद्दा. कितीही थाळ्या मांडल्या तरी काही जाती सुटणारच. त्या किती? ए. एस. कॉर्बेट यांनी मलायात गोळा केलेल्या फुलपाखरांत ११८ जाती एकेकदाच आणि ७४ जाती दोनदा मिळाल्या होत्या. आणखी तेवढाच काळ संग्रह केला तर नव्या किती मिळतील, या प्रश्नातून फिशर, कॉर्बेट व विल्यम्स यांचा १९४३ चा लेख निर्माण झाला. पुढे १९८४ मध्ये अ‍ॅन चाओ यांनी एक सोपे सूत्र दिले. एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला दोनदा सापडलेल्यांच्या दुपटीने भागावे. येणारी संख्या म्हणजे न दिसलेल्या जातींचा किमान अंदाज. समजा, पाहणीत ६० जाती मिळाल्या. त्यांतील २० एकदाच आणि १० दोनदा. तर ४०० भागिले २०, म्हणजे आणखी किमान २० जाती नजरेआड आहेत. यामागील तर्क सहज पटणारा आहे. एकेकदा भेटणारे पुष्कळ असतील, तर एकदाही न भेटलेलेही पुष्कळ असणार. यादीतला सर्वांत दुबळा वाटणारा भाग, म्हणजे एकुलते एक नमुने, हाच अज्ञाताविषयी सर्वाधिक बोलतो.

हे गणित साहित्यात आधीच आले आहे. ब्रॅडली एफ्रॉन व रोनाल्ड थिस्टेड यांनी १९७६ मध्ये शेक्सपिअरच्या उपलब्ध लेखनाला तेच लावले. त्यात ३१,५३४ भिन्न शब्दरूपे असून १४,३७६ एकदाच आली आहेत. त्यावरून कवीला ठाऊक असलेले पण उपलब्ध लेखनात न आलेले शब्द किमान ३५,००० असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये माइक केस्टेमोंट व सहकाऱ्यांनी मध्ययुगीन युरोपातील सहा भाषांच्या वीरकथा व शौर्यकथा यांकडे याच दृष्टीने पाहिले. कृती म्हणजे जाती आणि हस्तलिखिते म्हणजे नमुने, असे त्यांनी मानले. सुमारे ६८ टक्के कृती कोणत्या ना कोणत्या रूपात टिकल्या असाव्यात, हस्तलिखिते मात्र ९ टक्क्यांच्या आसपासच उरली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे.

मराठीत महानुभावांच्या पोथ्यांना किंवा आख्यानक कवितेला हे सूत्र लावण्याचा मोह होईल. तो गैर नाही, पण पाहणीची एक अट विसरता येणार नाही. प्रत्येक नमुना दुसऱ्यापासून बराचसा स्वतंत्र असावा लागतो. थाळीतील एक माशी दुसरीला बोलावून आणत नाही. पोथी मात्र पोथीवरून उतरते, आणि मठात जपली जाते ती त्या मठाला प्रिय असते म्हणून. जे मौखिकच राहिले, ते या सापळ्यात येतच नाही. सूत्र लावण्यापूर्वी आपल्या संग्रहांच्या चिठ्ठ्या, म्हणजे पोथी कुठे, कधी, कोणाकडून मिळाली याच्या नोंदी, पुऱ्या कराव्या लागतील. ते काम कंटाळवाणे आहे आणि तेच प्रथम करावयाचे आहे.

६

पाहणीला घाई का आहे, हेही सांगितले पाहिजे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे, डॉ. रा. ह. रिछारिया यांच्या संकलनाचा त्याला मोठा आधार आहे. बी साठवता येते. त्या धानावरील खोडकिडा आणि खोडकिड्यावरील गांधीलमाशी यांची अशी पेढी करता येत नाही. त्यांना शेतच लागते. नळीत वा खोडात लपलेल्या अळीपर्यंत फवारा अनेकदा पोचत नाही, पानावर फिरणाऱ्या गांधीलमाशीपर्यंत मात्र हमखास पोचतो. यासाठीच एकात्मिक कीडव्यवस्थापनात खोडकिड्याचे अंडीपुंज खुडून जाळण्याऐवजी ते बांबूच्या पिंजऱ्यात बांधावर ठेवण्यास सांगतात. अळ्या तेथेच अडकतात, बारीक गांधीलमाश्या फटींतून शेतात परततात. हा उपाय करणाऱ्या शेतकऱ्याला पुंजक्यात काय दडले आहे ते दिसत नसते. ते आहे, असे गृहीत धरून तो वागतो.

भृंगकीटन्याय आणि पाहणी ही न दिसलेल्याशी वागण्याची दोन रूपे आहेत. न्याय रिकाम्या जागेला अर्थ देतो. पाहणी तिला संख्या देते, आणि तीही 'किमान' असे बजावून. पाहणीमुळे दृष्टान्त बाद होत नाही. अळीची भृंगी होत नाही हे कळल्यावरही एकनाथांचे वाचन थांबलेले नाही. आपल्या साहित्येतिहासाने मात्र आजवर पहिलाच मार्ग अधिक चोखाळला आहे. उपलब्ध कृतींमधील खिंडारे आपण प्रभाव, प्रवाह, युगधर्म अशा शब्दांनी बुजवली आणि ती बुजवल्याची नोंद ठेवली नाही. यापुढे कोणत्याही प्रदेशाच्या वाङ्मयाची सूची करताना, एकदाच भेटलेल्या कृती किती आणि कुठे शोध घेतलाच नाही, एवढ्या दोन गोष्टी सूचीच्या अखेरीस नोंदवल्या जाव्यात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. धानाच्या बांधावर थाळी मांडणारा विद्यार्थी आपल्या चिठ्ठीवर हे लिहितो. आपणही ते लिहावे.