ओंडक्यांनी अडवलेली रेड नदी

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेक्सास आणि लुईझियानाच्या सीमेवर पाइनच्या जंगलात कॅडो सरोवर आहे. पाण्यातच उभे सायप्रस वृक्ष, सूचिपर्णी असूनही हिवाळ्याआधी पानं गाळणारे. त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करड्या दाढीसारखं ‘स्पॅनिश मॉस’ मात्र शेवाळ नव्हे, ते अननसाच्या कुळातलं!

या भागाचा इतिहास घडवला तो ओंडक्यांनी. रेड नदीत शतकानुशतकं वाहून आलेली झाडं अडकत गेली आणि शंभराहून अधिक मैलांचा अडथळा तयार झाला: ‘ग्रेट राफ्ट’. तुंबलेलं पाणी आसपासच्या सखल भागात पसरलं. त्याच फुगवट्यामुळे आगबोटी कॅडोमार्गे थेट जेफरसन गावापर्यंत जाऊ लागल्या, कापसाच्या व्यापारावर गाव गबर झालं.

कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी 1833 मध्ये ओंडके उपसणाऱ्या खास बोटींनी काम सुरू केलं. श्रीव्हपोर्ट शहराला त्यांचंच नाव आहे. पण नदी पुन्हा पुन्हा तुंबत राहिली. अखेर 1873 मध्ये लष्करी अभियंत्यांनी नायट्रोग्लिसरीनचे स्फोट करून ती मोकळी केली. पाणी उतरलं आणि जेफरसनचं बंदर बसलं. नदी सुधारली, गाव बुडालं, तेही पाण्याविना.

‘टेक्सासचं एकमेव नैसर्गिक सरोवर’ ही कॅडोची ख्याती आता अर्धीच खरी: विसाव्या शतकापासून त्याची पातळी धरणाने राखली आहे. सध्याची डोकेदुखी म्हणजे जायंट साल्विनिया. ब्राझीलकडचं हे तरंगतं तण आपल्या जलपर्णीइतकंच चिवट आहे.