जुन्या रोगांची कुळकथा (भाग ७) : काळ्या मृत्यूचा उगम आणि थडग्यांवरची वर्षे

गेल्या भागात आपण हाडांमधला डीएनए कसा टिकतो आणि कसा नासतो ते पाहिले. आज त्याच तंत्राच्या मदतीने सुटत आलेल्या एका जुन्या प्रश्नाकडे वळू. १३४६ ते १३५३ या काळात प्लेगची एक साथ काळ्या समुद्राकडून युरोपभर पसरली आणि तिथली निदान तिसरा हिस्सा माणसे घेऊन गेली. काही अभ्यासकांच्या मते निम्म्याहून अधिक. इतिहास तिला ‘काळा मृत्यू’ म्हणतो. ती आली कुठून, यावर शतकानुशतके तर्क चालले होते. एवढेच कशाला, ती प्लेगचीच साथ होती का, याबद्दलही अगदी अलीकडेपर्यंत एकमत नव्हते.

या संशयाची मुळे काही अंशी मुंबईत आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल विएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. विएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. त्यापुढची कहाणी मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. उंदीर पडायला लागले की गावेच्या गावे माळावर झोपड्यांत जाऊन राहत. या साथीचा जितका बारकाईने अभ्यास झाला तितका त्याआधी प्लेगच्या कोणत्याही साथीचा झाला नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत केलेल्या प्रयोगातून पिसूचा हात उघड केला आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधकांनी उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की केली. प्लेग म्हणजे काय, हे जगाने मोठ्या प्रमाणात मुंबईवरून ठरवले.

आणि मग इतिहासकारांना अडचण दिसू लागली. मुंबई इलाख्यातला प्लेग उंदरांच्या मागोमाग, मंद गतीने सरकत होता. चौदाव्या शतकातली साथ मात्र वणव्यासारखी पसरली आणि त्या काळच्या युरोपीय लेखकांनी उंदीर मेल्याचे क्वचितच नोंदले आहे. सॅम्युअल कोन या इतिहासकाराने २००२ मध्ये ठामपणे मांडले की काळा मृत्यू हा आपल्या ओळखीचा प्लेग नव्हेच. काहींनी एखाद्या विषाणूजन्य रक्तस्रावी तापाचे नाव घेतले, काहींनी अँथ्रॅक्सचे. मला हा संशय अगदी रास्त वाटतो. हाताशी असलेल्या पुराव्यावर तो उभा होता आणि त्याचे उत्तर कागदपत्रांतून मिळण्यासारखे नव्हते.

उत्तर दातांत होते. दाताच्या आतल्या मऊ गराला रक्तवाहिन्या पोहोचलेल्या असतात. प्लेगने माणूस मरतो तेव्हा त्याच्या रक्तात ‘यर्सिनिया पेस्टिस’ हा जीवाणू खच्चून भरलेला असतो, तो त्या गरातही उतरतो. पुढे मांस जाते, गरही सुकून जातो. पण वरच्या कठीण आवरणाच्या आत जीवाणूच्या डीएनएचे बारीक तुकडे शिल्लक राहू शकतात. दात आतून कोरून काढलेल्या चिमूटभर भुकटीत ते शोधायचे. त्या भुकटीतला बहुतेक डीएनए मातीतल्या जीवाणूंचा असतो, त्यामुळे फसगत सोपी. एका फ्रेंच गटाने १९९८ आणि २००० मध्ये असा डीएनए सापडल्याचे जाहीर केले. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने युरोपातल्या अनेक दफनस्थळांचे दात तपासले, तर काहीच हाती लागले नाही. वाद होता तिथेच राहिला.

तो मिटवला लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डने. हे कबरस्तान १३४८-४९ मध्ये खास या साथीतल्या मृतांसाठीच काढलेले, त्यामुळे तिथे कोण कशाने मेले याबद्दल फारसा प्रश्न नव्हता. कर्स्टन बॉस, व्हेरेना शुनेमान, योहान्स क्राउझे, हेंड्रिक पॉइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेगच्या जनुकसंचाशी जुळणारे कृत्रिम तुकडे गळासारखे वापरून भुकटीतले नेमके तेच तुकडे ओढून काढले. ते खरेच जुने आहेत याची खूणही त्यांच्यातच असते. मेलेल्या पेशीतला डीएनए टोकांकडून झिजतो आणि तिथे ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचले जाते. आजकालच्या भेसळीत ही झीज दिसत नाही. २०११ मध्ये सुमारे ४६ लाख अक्षरांचा जवळजवळ सगळा जनुकसंच जुळवून प्रसिद्ध झाला. तो प्लेगचाच होता. आजच्या जीवाणूपेक्षा तो इतका थोडा वेगळा निघाला की ती साथ एवढी घातक का ठरली, याचे कारण केवळ जीवाणूत शोधता येत नाही. भूक, दाटीवाटी आणि त्याआधी या रोगाशी गाठच न पडलेली शरीरे यांचाही हिशेब मांडावा लागतो.

मग उगमाकडे जाता येणार होते. जगभरच्या प्लेगच्या जीवाणूंचा वंशवृक्ष काढला, तर एका जागी खोडातून चार मोठ्या फांद्या जवळजवळ एकदमच फुटलेल्या दिसतात. लंडनचा जीवाणू त्यांपैकी एका फांदीच्या अगदी बुडाशी बसतो. म्हणजे हा फुटवा काळ्या मृत्यूच्या जरा आधीचा. जरा म्हणजे किती? २०१३ मधल्या अभ्यासाला बाराव्या ते चौदाव्या शतकांपर्यंतचा पट्टा द्यावा लागला, कारण प्लेगच्या जनुकांत बदल एकाच वेगाने होत नाहीत. साथीच्या काळात ते भराभर साठतात, एरवी रेंगाळतात. डीएनएचे घड्याळ दोन शतकांच्या आत काटा टेकवू शकत नव्हते.

नेमके वर्ष दगडांनी दिले. आजच्या किरगिझस्तानात, इसिक-कूल सरोवराच्या परिसरात, कारा-जिगाच आणि बुराना इथे चौदाव्या शतकातल्या ख्रिस्ती समाजाची कबरस्ताने आहेत. १८८५ ते १८९२ या काळात तिथे उत्खनन झाले आणि डॅनियल ख्वोलसन या विद्वानाने थडग्यांवरचे सीरियाक भाषेतले लेख वाचून छापले. त्यांवर सेल्युकिड कालगणनेतली वर्षे कोरलेली आहेत. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे इथे महिन्यानुसार ३११ किंवा ३१२ वजा करायचे. वर्ष वाचता येणारी ४६७ थडगी. त्यांतली ११८ फक्त १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांची! काहींवर तर माणूस साथीने गेला असे स्पष्ट लिहिले आहे. युरोपात पहिला बळी जाण्याच्या सात-आठ वर्षे आधी.

हा योगायोग फिलिप स्लाविन या इतिहासकाराला स्वस्थ बसू देईना. त्या कबरींतल्या काही कवट्या सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात सव्वाशे वर्षे पेट्यांत पडून होत्या. उत्खननाच्या जुन्या नोंदी आणि नकाशे लावून कोणती कवटी कोणत्या थडग्याखालची, हे जुळवता आले. मारिया स्पिरू आणि क्राउझे यांच्या गटाने सात जणांचे दात तपासले. कारा-जिगाचच्या तिघांत प्लेगचा डीएनए मिळाला. जून २०२२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आले. हा जीवाणू वंशवृक्षात बरोबर त्या फुटव्याच्या जागी, चारही फांद्यांच्या मुळाशी बसला. त्याचे आजचे सर्वांत जवळचे नातलग तिएनशान पर्वतराजीच्या आसपास, मार्मोट नावाच्या बिळांत राहणाऱ्या जाडजूड प्राण्यांत आढळतात. म्हणजे रोग कुठून तरी लांबून तिथे आणला गेला असे नव्हे, तो त्या डोंगरांतलाच असावा. त्या कबरींत हिंदी महासागरातले मोती आणि भूमध्य समुद्रातली पोवळी मिळाली आहेत. ही वस्ती व्यापाराच्या वाटेवरची होती. पुढे रोग कोणत्या वाटेने गेला असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

आता पुन्हा मुंबईकडे यायला हवे. हाँगकाँगला १८९४ मध्ये पोहोचलेला आणि तिथून जहाजांमधून आपल्याकडे आलेला प्लेग त्या चार फांद्यांपैकी पहिल्या फांदीवरचा आहे, ज्या फांदीच्या बुडाशी लंडनचा जीवाणू बसतो. म्हणजे मांडवीतला रोग आणि ईस्ट स्मिथफील्डमधला रोग एकाच कुळातले. मुंबईतल्या निरीक्षणांवरून ज्या नात्याबद्दल शंका घेतली गेली, ते नाते असे सिद्ध झाले. कोन यांनी दाखवलेली विसंगती मात्र त्यामुळे पुसली जात नाही. तोच जीवाणू दोन ठिकाणी इतक्या वेगळ्या गतीने कसा पसरला, हा प्रश्न अजून उघडा आहे.

प्लेगचा इतिहास इथे सुरू होत नाही, हेही सांगायला हवे. युरोप आणि आशियातल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दातांतही तो सापडला आहे. मात्र त्या काळच्या जीवाणूत पिसूच्या पोटात तग धरायला मदत करणारे जनुक नव्हते. ते नंतर आले.

आपल्या भूमीतून अशी साक्ष मिळवणे अवघड आहे. उष्ण, दमट हवेत डीएनए लवकर तुटतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढीतले साठहून अधिक नमुने तपासले, तेव्हा २०१९ मध्ये एकाच व्यक्तीचा जनुकसंच हाती आला. तेव्हा आपल्याकडे कागद आणि दगड यांचे मोल अधिकच वाढते. कारा-जिगाचच्या दातांतला डीएनए एकटा असता, तर तो कोणत्या तरी शतकातला प्लेग एवढेच कळले असते. वर्ष कळले ते पाथरवटाने कोरले म्हणून, आणि कवटी कोणाची हे कळले ते उत्खनन करणाऱ्यांनी नोंद ठेवली म्हणून. ज्यांच्या घरात, देवळात, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात साथीच्या काळातल्या मृत्यूंच्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. जवळच्या अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला दाखवाव्यात.

पुढच्या भागात पेरूच्या किनाऱ्यावरचे हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे आणि समुद्रातल्या सील प्राण्यांकडून आलेला क्षयरोग.