टिकाऊ म्हणजे किती टिकाऊ? मावळ्याच्या बैठकीवरून संशोधनाचा आराखडा

पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायची आहे. शीर्षकात 'टिकाऊ', 'प्रभावी', 'परिणामकारक' यांपैकी एखादा शब्द असतोच. मग समितीसमोर पहिला प्रश्न येतो, "टिकाऊ म्हणजे नेमकं काय?" आणि बऱ्याच जणांची गाडी तिथंच अडते. कारण हा शब्द आपण गृहीत धरलेला असतो, तो मोजायचा कसा हे ठरवलेलं नसतं.

आज ही गोष्ट आपण एका अगदी लहान वस्तूवर करून बघू. वस्तू आहे मावळ्याच्या पायाखालची बैठक. मातीवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ती आवडतेच, पण तुमचा विषय समाजशास्त्र असो की सूक्ष्मजीवशास्त्र, युक्ती तीच लागू पडते.

ही बैठक कुठली?

दिवाळीत कोल्हापूरच्या पेठांमधली पोरं किल्ला बांधतात. त्यावर मावळे, तोफा, शेतकरी मांडले जातात. प्रत्येक चित्राच्या पायाखाली एक चपटी चकती असते. मूर्तिकार तिला बैठक म्हणतात. जगात दुसरीकडे हाच प्रकार युद्धखेळात दिसतो. प्रशियात १८२४ च्या सुमारास सैनिकी अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा युद्धखेळ आला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांनी लढाई खेळायचे नियम लिहिले. आज या छंदात साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल बैठकीवर उभे करतात. मराठ्यांचे सैनिक घेऊन १८०३ ची असईची लढाई मांडणारेही आहेत.

बैठकीकडून अपेक्षा दोनच, ती टिकाऊ हवी आणि देखणी हवी. आता हे दोन शब्द फोडू.

पहिला तुकडा: उभं राहणं

'टिकाऊ' या एका शब्दात निदान चार वेगळे प्रश्न लपलेत. चित्र पडतं का? पायातून मोडतं का? बैठकीला तडे जातात का? बैठक वाकते का? चारही प्रश्नांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. सिनॉप्सिसमध्येही असंच असतं. एक मोठा शब्द फोडला की तीन-चार उद्दिष्टं आपोआप बाहेर पडतात.

पडण्याचा प्रश्न सोपा आहे, कारण त्याला गणित आहे. फळीवर चित्र ठेवा आणि फळी हळूहळू तिरकी करा. गुरुत्वमध्य बैठकीच्या कडेच्या बाहेर गेला की चित्र कोलमडतं. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे बैठकीची त्रिज्या भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा त्रिज्या १२.५ मिमी आणि गुरुत्वमध्य १७ मिमी उंचीवर आहे. कोन येतो सुमारे ३६ अंश. आता ५ ग्रॅमच्या चित्राखाली, बैठकीच्या पोटात, ६ ग्रॅमचा लोखंडी वॉशर बसवला, तर गुरुत्वमध्य जवळपास ९ मिमीवर उतरतो आणि कोन जातो ५५ अंशांच्या आसपास. हार्डवेअरच्या दुकानातल्या एका वॉशरनं एवढा फरक पडतो.

पण भाला उगारून पुढं झुकलेला मावळा असेल तर? त्याचा गुरुत्वमध्य मधोमध नसतो. तो ४ मिमी पुढं सरकला असेल, तर त्या बाजूला कडेपर्यंतचं अंतर उरतं ८.५ मिमी. म्हणजे तो पुढच्या बाजूला लवकर पडणार. उपाय म्हणजे चित्र बैठकीवर थोडं मागं सरकवून चिकटवा. इथं शिकण्यासारखं काय, तर सरासरी बघून भागत नाही. वस्तू तिच्या सगळ्यांत कमकुवत दिशेला पडते, म्हणून मोजमापही त्याच दिशेला घ्यायचं.

दुसरा तुकडा: घोट्यातून मोडणं

प्लास्टरचा मावळा बहुतेक वेळा घोट्यात तुटतो. प्लास्टर दाब सोसतं, ताण सोसत नाही. त्यात घोटा बारीक. गोल दांड्याची वाकण सोसायची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला तर ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून तिथं कितीही गोंद थापला तरी उपयोग नाही. पायात बारीक छिद्र पाडून एक मिलिमीटरची तार बसवा आणि ती तशीच बैठकीत उतरवा. ताण तार घेते, गोंदाला फक्त तार जागेवर धरून ठेवायची असते.

गोंदाचंही तसंच. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाणी निघून गेलं की घट्ट होतो. त्याला निदान एक पृष्ठभाग पाणी शोषणारा लागतो, म्हणजे लाकूड, पुठ्ठा, माती. प्लास्टिकवर प्लास्टिक चिकटवायला तो निरुपयोगी, पापुद्र्यासारखा सुटून येतो. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट सरळ ओढीला दणकट असतो, पण धक्क्याला ठिसूळ. चित्र टेबलावरून खाली पडलं की टचकन सुटतं. दोन नळ्यांचा इपॉक्सी सावकाश घट्ट होतो, फटी भरतो आणि धक्काही बऱ्यापैकी सोसतो. 'कुठला गोंद चांगला' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कशाला कशावर चिकटवायचं आणि कुठला मार सोसायचा, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. 'कुठली अध्यापनपद्धती प्रभावी' हा प्रश्नही तसाच अर्धवट असतो.

तिसरा तुकडा: तडे आणि वाक

बैठकीवर जमीन दाखवायला माती लावली की ती वाळताना आकसते. वरचा थर आधी वाळतो, खालचा ओला असतो, आणि तळ तर लाकडाला चिकटलेला असतो. वरच्या थराला आकसायचंय, पण खालून धरून ठेवलंय. मग तो फाटतो. उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान तुम्ही पाहिलंच असेल. काळ्या मातीतली चिकणमाती थरांमध्ये पाणी धरते, म्हणून भिजली की फुगते आणि वाळली की जास्त आकसते. पन्हाळा-शाहूवाडीकडची जांभ्याची तांबडी माती त्या मानानं कमी आकसते.

उपाय आपल्या कारागिरांकडे आधीपासून आहेत. मूर्तिकार शाडूत कापूस मळतात. धागे दोन्ही कडांना धरून ठेवतात, त्यामुळं चीर रुंदावत नाही. मातीत वाळू मिसळली की कणाला कण टेकतो, सांगाडा तयार होतो, आणि आकसायला जागाच कमी उरते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यासाठी वाळूत थोडं बेंटोनाइट मिसळतात, तिथंही हाच विचार आहे, सांगाडा वाळूचा आणि पकड चिकणमातीची. (वाळू किंवा मातीची कोरडी भुकटी हाताळताना मास्क लावा. सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट.)

आकसणं मोजता येतं. ओल्या मातीच्या पट्टीवर ५० मिमीची रेघ ओढा. वाळल्यावर ती ४७ मिमी भरली तर आकुंचन ६ टक्के. एका पट्टीपुरतं काम, पण आता तुमच्याकडे 'कमी-जास्त' ऐवजी आकडा आहे.

वाकण्याचं कारण वेगळं. पातळ पुठ्ठ्यावर किंवा एमडीएफवर एकाच बाजूनं ओला गोंद लावला की तो वाळताना आकसतो आणि कडा वर उचलल्या जातात. खालच्या बाजूलाही तेवढाच रंग किंवा गोंद द्या, ओढ दोन्हीकडून सारखी होते. किती वाकली हे मोजायला महागडं उपकरण नको. सपाट काचेवर बैठक ठेवा आणि कडेखाली झेरॉक्सचे किती कागद सरकतात ते मोजा. एक कागद साधारण ०.१ मिमी.

'देखणी' याला पुरावा काय?

इथं विद्यार्थी म्हणतात, सौंदर्य कुठं मोजता येतं? सगळं नाही, पण बरंच तपासता येतं.

आधी प्रमाण बघू. २८ मिमीचा सैनिक म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटरचा माणूस. म्हणजे बैठकीवरचा १ मिमी हा खऱ्या जमिनीवरचे ६ सेंटिमीटर. २ मिमीचा वाळूचा खडा तिथं १२ सेंटिमीटरचा धोंडा होतो. गुडघाभर गवत दाखवायचं तर ते ७-८ मिमीच हवं. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण हळीव पेरतो. त्याचे ४ सेंटिमीटरचे कोंब या सैनिकाच्या शेजारी अडीच मीटरचं रान वाटतील. मोठ्या मावळ्याला तेच हळीव शोभतं. 'काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय' असं जे वाटतं, त्याचं कारण बऱ्याचदा इतकं साधं असतं.

मग रंग. समजा तुम्ही १६६० चा पावनखिंडीचा प्रसंग मांडताय. महिना जुलै, वाट मसाई पठारावरून विशाळगडाकडे जाणारी, पायाखाली जांभा, वर पाऊस. तर बैठक ओलसर तांबडी, हिरव्या गवताची आणि दगडाच्या कडा काळपट हव्यात. बाजारात मिळणारं पिवळं वाळकं गवत तिथं देखणं दिसेल, पण खोटं ठरेल. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या भागातली. तिथली जमीन वेगळी. म्हणजे बैठकीवरचा प्रत्येक रंग हे एक विधान आहे, आणि 'कशावरून?' असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे तारीख, ठिकाण आणि मातीचा नमुना असला पाहिजे.

उरलेल्या आवडीनिवडीसाठी परीक्षक घ्या. तीन मित्रांना बैठकी एक मीटरवरून दाखवा. कुठली कशाची हे सांगू नका, नुसते क्रमांक टाका. तिघांचे क्रम जुळले तर तुमच्या म्हणण्याला आधार आहे. जुळले नाहीत तर तेही लिहा.

आता प्रयोग मांडू

प्रश्न एकच ठेवू. वाळू आणि कापूस घातल्यानं शाडूच्या थराचे तडे कमी होतात का?

१. चार मिश्रणं करा: नुसता शाडू, शाडू + वाळू, शाडू + कापूस, शाडू + वाळू + कापूस. पहिलं मिश्रण तुलनेसाठी आहे, ते गाळू नका. आणि तीनच मिश्रणं केलीत तर वाळू आणि कापूस यांचा एकमेकांच्या परिणामावर फरक पडतो का, हे सांगता येणार नाही.

२. प्रत्येकाच्या पाच बैठकी. एकच केलीत तर तडा मिश्रणामुळं गेला की तुमच्या हातामुळं, कळणार कसं?

३. थर सगळीकडं ३ मिमी. माती मळायला घातलेलं पाणी मोजून लिहून ठेवा.

४. वीसही बैठकींच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका मिश्रणाच्या सगळ्या बैठकी खिडकीपाशी वाळल्या, तर तुम्ही मिश्रण नाही, खिडकी मोजताय.

५. 'तडा' म्हणजे काय ते आधीच लिहा. उदाहरणार्थ, एक मीटरवरून चांगल्या उजेडात दिसणारी ५ मिमीपेक्षा लांब चीर. निकाल बघून व्याख्या बदलायची नाही.

६. तारीख आणि हवा नोंदवा. कोल्हापुरात मार्चमध्ये वाळणारी माती आणि जुलैत वाळणारी माती एकसारखी वागत नाही.

सातवी गोष्ट वहीतली नाही, मनातली आहे. वाळू वाढवली की तडे कमी होतील, पण थर भुसभुशीत होऊन कडा झडू शकतात. एका बाजूनं कमावलेलं दुसऱ्या बाजूनं जाऊ शकतं. म्हणून तडे मोजताना कडाही तपासा. नखानं घासून किती माती निघते ते तराजूवर बघा. फायदा दाखवणारंच मोजमाप ठेवलं आणि तोटा दाखवणारं ठेवलंच नाही, तर निष्कर्ष आकड्यांनी भरलेला असूनही चुकीचा निघतो. शोधनिबंध वाचतानाही हे शोधा: यांनी काय मोजलं नाही?

तुमच्या सिनॉप्सिसवर

आता तुमचं शीर्षक समोर घ्या. त्यातलं विशेषण अधोरेखित करा. त्याखाली चार ओळी लिहा: हा शब्द किती तुकड्यांत फुटतो, प्रत्येक तुकडा कशानं मोजणार, किती झालं म्हणजे 'हो' आणि किती झालं म्हणजे 'नाही', आणि हे मिळवताना काय बिघडू शकतं.

चौथी ओळ बहुतेक जण सोडून देतात, आणि समितीतला अनुभवी माणूस नेमका तिथं बोट ठेवतो. तीन वर्षं काम केल्यावर हा प्रश्न समोर येण्यापेक्षा आत्ता, कागद कोरा असताना आलेला बरा. विषय अजून सुचला नसेल तर वर लिहिलेल्या वीस बैठकी करून बघा. खर्च फारसा नाही, आठवडाभराचं काम आहे, आणि शेवटी वीस मावळे तरी व्यवस्थित उभे राहतील.