टाळी दोन हातांनी वाजते : राउटर, लॅपटॉप आणि वायफायची भाषा

आपल्या मंडळाच्या अंकात कथा, कविता, पुस्तक परीक्षणं येतात. मीही साहित्याचीच विद्यार्थिनी. तरी या वेळी वायफायवर लिहितेय, कारण "नेट चालत नाही" हे वाक्य परीक्षेच्या दिवसांत आपण सगळेच ऐकतो, आणि दुकानात त्यावर उत्तर बहुधा एकच मिळतं: नवीन घ्या. हे उत्तर कधी खरं आणि कधी नाही, एवढं कळलं तरी घरचे बरेच पैसे वाचतील.

वायफायचे नियम आय-ट्रिपल-ई ही अभियंत्यांची संस्था ठरवते. त्या नियमावलीचा क्रमांक ८०२.११. पहिली आवृत्ती १९९७ ची. तेव्हा वेग होता सेकंदाला फक्त २ मेगाबिट. पुढच्या प्रत्येक सुधारणेला इंग्रजी अक्षरं चिकटली: १९९९ मध्ये ए आणि बी, २००३ मध्ये जी, २००९ मध्ये एन, २०१३ मध्ये एसी, २०२१ मध्ये एएक्स. ही अक्षरं कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने साधे आकडे दिले. एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. आता ७ चे राउटरही बाजारात आले आहेत.

मग राउटर ७ चा आणि लॅपटॉप ४ चा असेल तर जमतं का? सहसा जमतं. आपल्या बेळगावात खडे बाजारात काय होतं ते आठवा. गिऱ्हाईक आलं की दुकानदार मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत बोलून बघतो आणि दोघांनाही येते त्या भाषेत व्यवहार होतो. राउटर आणि लॅपटॉप तेच करतात. कुणाला काय येतं ते एकमेकांना कळवतात आणि दोघांकडे जे आहे त्यातलं सर्वांत चांगलं निवडतात. नव्या राउटरला जुन्या भाषा येतात. पण लॅपटॉपला नवी येत नसेल, तर राउटर कितीही महाग असो, बोलणं जुन्याच भाषेत होणार. एका हाताने टाळी वाजत नाही.

घोटाळा होतो तो बँडमुळे. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतींतून लांबवर जाते, पण तिथे गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. ५ वर वेग जास्त मिळतो, पण जुन्या घराच्या जाड दगडी भिंतीपुढे ती लहर लवकर दमते. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपना फक्त २.४ कळतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या पीजीत काकूंनी नवा राउटर बसवला. सगळ्यांच्या मोबाइलवर नेटवर्क दिसायचं, हिच्या लॅपटॉपवर नावसुद्धा नाही. प्रोजेक्ट द्यायला दोन दिवस उरलेले. दुकानदार म्हणाला, "लॅपटॉप जुना झाला, बदला." हिचे वडील रिक्षा चालवतात, हा लॅपटॉपच त्यांनी हप्त्यांवर घेतलेला. आम्ही काकूंना विचारून राउटरची सेटिंग उघडली, तर २.४ चा बँड बंद होता. तो चालू केला आणि काम झालं. खर्च शून्य.

दुसरी अडचण पासवर्डच्या सुरक्षेची. डब्ल्यूपीए२ ही पद्धत २००४ ची, डब्ल्यूपीए३ २०१८ ची. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही जुना लॅपटॉप जोडला जात नाही. अशा वेळी राउटरवर दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा. पासवर्डच काढून टाकणं हा उपाय नव्हे. तिसरी अडचण ड्रायव्हरची. काही जुन्या वायफाय कार्डांना वायफाय ६ चं नेटवर्क दिसतच नव्हतं. ड्रायव्हर अपडेट केल्यावर दिसायला लागलं. तेही फुकटच.

आता वेगाचा हिशोब. इंटरनेटचा प्लॅन, राउटर आणि लॅपटॉप, या तिघांत ज्याचा वेग कमी, तोच तुम्हाला मिळणार. एकच अँटेना असलेल्या वायफाय ४ लॅपटॉपचा कागदावरचा वेग जास्तीत जास्त १५० मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे प्लॅन ४० मेगाबिटचा असेल तर वायफाय ७ चा राउटर आणून लेक्चरचा व्हिडिओ काही वेगाने उघडणार नाही. पण घरात आठ-दहा उपकरणं एकदम चालत असतील, तर मात्र नव्या राउटरचा फायदा होतो, कारण वायफाय ६ मुळात गर्दी सांभाळण्यासाठीच बनवलंय.

तुमच्या लॅपटॉपला काय येतं ते बघायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" ही ओळ इंग्रजीत टाइप करा. "रेडिओ टाइप्स सपोर्टेड" यापुढे अक्षरांची यादी येते. तिच्यात ए किंवा एसी असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालतं. फक्त बी, जी, एन असतील तर तुमचा लॅपटॉप २.४ वाला समजा. तरीही वेग हवाच असेल, तर यूएसबीत लावायचा ड्युअल बँड वायफाय डोंगल मिळतो, साधारण हजार रुपयांच्या आसपास. लॅपटॉप बदलण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: प्लॅन किती मेगाबिटचा, राउटर कितवा, लॅपटॉप कितवा. मग दुकानदार "नवीन घ्या" म्हणाला, तर त्याला एकच विचारा: यातलं नक्की कोणतं कमी पडतंय?