लेकराला ऊन द्या, पण दम्याचा पंप बंद करू नका

जालना : सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या भावाच्या लेकराची छाती घरघरायला लागते. मागच्या वर्षी रक्त तपासलं, तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं. घरच्यांना वाटलं, दुखण्याचं मूळ सापडलं. पुडी सुरू केली अन् पंप बंद केला. आठ दिवसांत रात्री दोन वाजता लेकराला घेऊन दवाखाना गाठावा लागला. असा गैरसमज इतरांचाही होऊ शकतो, म्हणून हे लिहितोय.

दमा असलेल्या बऱ्याच लेकरांत ‘ड’ कमी आढळतं, हे खरं. पण धाप लागणारं लेकरू बाहेर खेळत नाही, त्याला ऊन कमी मिळतं, म्हणूनही ते कमी होऊ शकतं. मग ‘ड’ दिल्यानं दमा थांबतो का? अमेरिकेत दमा असलेल्या अन् ‘ड’ कमी असलेल्या 192 मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना 48 आठवडे रोज 4,000 युनिट दिले. 2020 साली निकाल आला : दम्याचे मोठे झटके कमी झाले नाहीत. कॉक्रेन या संस्थेनं 2016 मध्ये अशा चाचण्या एकत्र तपासून आशा दाखवली होती. 2023 मध्ये जास्त चाचण्या घेऊन पुन्हा पाहिलं, तर फायदा दिसला नाही.

याचा अर्थ ‘ड’ बिनकामाचं असा नाही. हाडांसाठी ते लागतंच. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 5 ते 9 वयाच्या 18 टक्के, तर 10 ते 19 वयाच्या 24 टक्के मुलांत त्याची कमतरता निघाली. एवढं ऊन असून असं का? ‘ड’ तयार करणारे किरण साधारण 11 ते 3 या वेळेत जास्त असतात, अन् तेव्हा लेकरं वर्गात बसलेली. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते किरण कमी, खिडकीच्या काचेतून तर जवळपास येतच नाहीत. हिवाळ्यात मधल्या सुट्टीत लेकरं मैदानात खेळू द्या. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र नको.

60,000 युनिटची पुडी बहुतेक वेळा आठवड्याला एक असते, रोजची नव्हे. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या.

रोजच्या पंपानं श्वासनळीची सूज आटोक्यात राहते. त्याची सवय लागत नाही. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सोडू नका. मळणीयंत्राची धूळ, पऱ्हाट्या पेटवल्याचा धूर, चुलीचा अन् विडीचा धूर यांपासून लेकराला लांब ठेवा.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा.